कडी नाहि दारा

६ एप्रिल

चि. खारू,

आज सकाळी जाग आली ती एका आवाजाने, आणि तो आवाज साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा होता. आमचा चौथीचा वर्ग. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे, आणि बाकांवर सगळ्या पोरांची बोटं: टक् ठाक ठाक, टक् ठाक ठाक. एक लघु, दोन गुरू. भुजंगप्रयात. लघु-गुरू म्हणजे काय ते आमच्या डोक्यात पुढे कधीतरी शिरलं. बोटांना मात्र आधीच कळलं होतं.

माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे. टेलिफोन माझ्यापुरता एक काळा दगड. पण टाळेबंदी लागल्यापासून रस्ताही बहिरा झालाय. ना गाडी, ना भांडण, ना फेरीवाला. साऱ्या गावाला माझा आजार जडला, असं खालच्या मजल्यावरच्या नर्सला म्हणालो तर ती बिचारी हसलीसुद्धा. दिवसभर रुग्णालयात राबून आलेली, तोंडावर मास्कचे वळ, तरी हसली.

तर सांगायचं हे, की तू आणि थोरली सुट्टीत यायचात तेव्हा माझ्या दारावर हाच ठोका द्यायचात. घंटा होती, तरी. तू शेंडेफळ, म्हणून लघु तुझा, बोटाच्या पेराने. थोरलीचा हात जड, म्हणून दोन्ही गुरू तिचे. दोघी मिळून एक गण. मी आतून मुद्दाम वेळ लावायचो, ठोका पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून.

तुझं वसतिगृह बंद झालं आणि तू थोरलीकडे राहायला गेलीस हे कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. एकवीस वर्षांच्या मुलीने अशा दिवसांत एकटीने कुठे राहायचं? सख्खी नसली तरी आत्याची मुलगी म्हणजे बहीणच. आणि तिचा नवरा तर देवमाणूस. इमारतीतल्या म्हाताऱ्यांना पाव आणि औषधं पोचवतो म्हणे.

चष्म्याचं दुकान बंद, म्हणजे काचा घासायचं तुझं काम थांबलं असेल. मग आपला जुना खेळ सुरू कर. एक ओळ पाठव, दुसरी मी लावतो. रिकाम्या हाताला वृत्तासारखं औषध नाही.

तुझा,
आजोबा


१४ एप्रिल

आजोबा,

पत्र मिळालं. सकाळी दूध आणायला मला पाठवतात, तेव्हा कोपऱ्यावरच्या पेटीत हे टाकेन.

इथे सगळं ठीक. भाऊजींनी कामं वाटून दिलीत. ताईकडे स्वयंपाक, माझ्याकडे भांडी आणि पावाच्या पिशव्या पुसणं. ते स्वतः घरूनच विम्याचं काम करतात आणि उरलेल्या वेळात घर रंगवतात. माझ्या खोलीचं दार पहिलं घेतलं. रंग नीट बसावा म्हणून कडी काढली. रंग वाळून आठवडा झाला, कडी अजून लागलेली नाही. मी दोनदा विचारलं. म्हणाले, "अगं, घरात चोर कोण आहे? मी की तुझी ताई?" ताई हसली. मग मीही हसले.

आजोबा, तुमच्याकडे येता येईल का? मी एका कोपऱ्यात राहीन. तुमच्या वह्यांना हात लावणार नाही.

ओळ मागितलीत ना. ही घ्या:

कडी नाहि दारा, कशी झोप लागे

पुढची तुम्ही लावा. मला सुचत नाही.

खारू


२० एप्रिल

चि. खारू,

ओळ वाचली आणि खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. जन्मभर मुद्रितं तपासली. चूक शोधायची सवय या डोळ्यांना अशी, की आमंत्रणपत्रिकासुद्धा मी लाल पेन्सिल घेऊन वाचतो. तुझ्या ओळीत मात्रेएवढीही खोट नाही. 'नाही'चं 'नाहि' केलंस, लघु हवा तिथे लघु. आणि आशय! दार म्हणजे मन, कडी म्हणजे मनाचा आवर. जगावर संकट आलं आणि प्रत्येकाच्या मनाचं दार उघडं पडलं. इतक्या लहान वयात हे कुठून आलं तुला? माझी ओळ तुझ्यापुढे फिकी, तरी लावतो:

कडी नाहि दारा, कशी झोप लागे
उशाशी उभे चांदणे नित्य जागे

येण्याचं म्हणशील तर माझी ना नाही, पण गाड्या कुठे आहेत? शिवाय माझं वय पाहून डॉक्टर म्हणतात, कोणाला घरात घेऊ नका. तू तिथे थोरलीच्या पंखाखाली आहेस, ते बरं. हे दिवस सरले की ये, महिनाभर राहा.

या ओळीवरून आमचा छापखाना आठवला. तुमच्याच गावात होता. तिथली छपाईचे खिळे जुळवणारी बाई, आम्ही तिला जुळारीणबाई म्हणायचो, अजून तिथेच राहते, थोरलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. गेली कितीतरी वर्षं आमचा अबोला आहे. एका कवितासंग्रहात एक अख्खी ओळ गळाली. मी म्हणतो तिने जुळवलीच नाही. ती म्हणते मी तपासलीच नाही. कवी गेला, छापखाना गेला, भांडण मात्र आहे तसं आहे. बाईची बोटं मात्र अशी चालायची, की जणू पाऊसच पडतोय शिशाचा.

पुढची ओळ पाठव. वाट पाहतो.

आजोबा


२५ एप्रिल

आजोबा,

तुमची ओळ वृत्तात चोख आहे. पण उशाशी चांदणं नव्हतं. भाऊजी होते.

पहिल्यांदा नुसते उभे राहिले. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं समजतेय. दुसऱ्यांदा नुसते उभे राहिले नाहीत. मी नको म्हटलं, आजोबा. स्पष्ट म्हटलं. तोंडावर हात होता, तरी म्हटलं. त्यानंतर अजून एकदा.

ताईला सांगितलं. ती कणीक मळत होती, ती मळतच राहिली. म्हणाली, "स्वप्न पडलं असेल. या दिवसांत सगळ्यांनाच चित्रविचित्र पडतायत." आईला फोन केला. ती म्हणाली, "टाळेबंदी उठू दे, मग बघू. आत्ता बोभाटा झाला तर जाशील कुठे?"

ते तर मलाही कळत नाही, जाऊ कुठे. सगळ्या जगाने घरात बसायचंय आणि माझ्या घरातच

ओळ अर्धी राहू दे. वृत्त नाही यात.

मी रोज सकाळी दुधाच्या रांगेत असते. तेवढा वेळ फोन माझ्या एकटीच्या हातात असतो. बाकी वेळ टेबलावर, सगळ्यांसमोर.

खारू


२९ एप्रिल

खारू,

हे पत्र नव्या पत्त्यावर पाठवतोय. तू तिथे पोचली आहेस एवढं नर्सने मला कागदावर लिहून दाखवलं. तो कागद खिशात आहे. तिसऱ्यांदा काढून वाचला.

तू दार लिहिलं होतंस आणि मी रूपक वाचलं. कडी म्हणजे कडी, एवढं मला कळू नये? जन्मभर लोकांच्या चुका दाखवल्या, आणि जिथे एका शब्दाला धरून उभं राहायचं तिथे वाहवा करून मोकळा झालो. याहून जास्त लिहीत नाही, नाहीतर पत्र माझ्या दुःखाचं होईल.

काय झालं ते सांगतो. तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि तसाच खाली जाऊन नर्सचं दार वाजवलं. ती नुकतीच आली होती. मी म्हटलं, पोलिसांना फोन लाव. तिने आधी मला पायरीवर बसवलं. मग मोठ्याने, माझ्या कानाशी: "पोलिसांना आधी, की तिला आधी?"

"पोलिसांना."

"चुकलात. तिला. तिला काय हवंय ते तिला विचारायचं. आजवर कोणी विचारलेलं नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी दुधाच्या वेळी तिचा फोन तुला आला. तुम्ही काय बोललात ते तिने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. म्हणाली, "तिला निघायचंय. आजच. गावात तुमचं कोणी आहे?"

गावात माझ्या ओळखीची एकच बाई होती, आणि तिच्याशी मी बोलत नव्हतो. नर्सने नंबर शोधून फोन लावला, तिकडचं ऐकून मला सांगत गेली. बाईंचं पहिलं वाक्य: "आधी त्याला कबूल करायला सांगा, ओळ कोणी गाळली." मी म्हटलं, मी गाळली. सपशेल खोटं बोललो, ओळ तिनेच गाळली होती. पण खोटं बोलून इतकं हलकं आयुष्यात कधी वाटलं नाही. तिने पुढचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पत्ता सांगा."

पुढचं तू सांग. सांगावंसं वाटलं तरच.

आजोबा


६ मे

आजोबा,

सांगावंसं वाटतंय. कालपर्यंत वाटत नव्हतं.

तुमच्या नर्सबाईंशी बोलून घरी गेले आणि दूध तापवत ठेवलं. ते उतू जायच्या आत घंटा वाजली. दारात जुळारीणबाई. केस पांढरे, एका हातात काठी, एका पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी. भाऊजींनी दार उघडलं.

"पाय मुरगळलाय. हिच्या आजोबांची मी जुनी ओळखीची. पोरीला माझ्याकडे पाठवा थोडे दिवस, हाताखाली."

भाऊजी म्हणाले, "मावशी, साथ आहे. आम्ही घरातलं माणूस बाहेर पाठवत नाही. हवं तर मी रोज येऊन तुमचं सामान देत जाईन."

"माझं सामान मी आणते. मला पोरगी हवीय." आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून, "येतेस का गं? तू सांग."

मी हो म्हटलं. आवाज निघाला याचं मलाच नवल वाटलं. पिशवी आधीच भरलेली होती, पलंगाखाली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला अडवलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, फरशीकडे बघत होती. भाऊजी "अगं, चहा तरी" म्हणत होते, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यातून म्हणाल्या, "देवमाणूस आहे हो, किती काळजी करतो."

खाली रस्त्यावर आल्यावर बाईंनी काठी बगलेत मारली आणि अशा सुटल्या, की मला पिशवी घेऊन पळावं लागलं. मी म्हटलं, "अहो, पाय?" त्या थांबल्या, दोन्ही पायांकडे बघितलं. "कोणता होता गं?" तिथे भर रस्त्यात, रिकाम्या, मला हसू आलं आणि मग रडू आलं आणि मग कोणतं चाललंय तेच कळेना. त्या शेजारी उभ्या राहिल्या. हात लावला नाही. म्हणाल्या, "चालू दे. रस्ता आपलाच आहे."

माझ्या खोलीला दोन कड्या आणि एक साखळी आहे. बाईंनी सगळ्या लावून-काढून दाखवल्या, तेलही घातलं. "मी आत यायच्या आधी विचारीन. तू नाही म्हणालीस तर परत जाईन, राग येणार नाही. चहा घेऊन आले असले तर तो मी पिईन." पहिल्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. भिंतीपलीकडे त्या घोरतात. आजोबा, कोणी घोरतंय हे ऐकून इतकं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं. घोरणारं माणूस आपल्या जागेवर असतं.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी प्रत्येक गोष्ट करायच्या आधी विचारलं. तक्रार द्यायची की नाही हे मी ठरवायचं आहे. मी देणार आहे. थोडी झोप झाली की.

ताईला रागावून पत्र लिहू नका.

तुमची खारू

ता. क. बाई म्हणतात, ओळ तुम्हीच गाळलीत, आता तर कबुलीही आहे.


१३ मे

चि. खारू,

तुझं पत्र वाचून मी आंघोळ केली, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि कुठेच न जाता खिडकीत बसलो. नर्सने खालून खुणेने विचारलं, आज काय आहे? म्हटलं, काही नाही, पोरगी दुपारपर्यंत झोपली. तिने खालूनच हात हलवला.

थोरलीला रागावणार नाही. पण लिहू का, हे तुला विचारतो. मी आता विचारायला शिकतोय. या वयात नवा धडा गिरवताना अक्षर वाकडं येतं, सांभाळून घे. दोनच वाक्यं लिहीन: "माझं दार तुला ठाऊक आहे. ठोका तुला पाठ आहे." नको म्हणालीस तर हा कागद फाडून टाकतो.

तिच्यावर माझाही राग आहे. मग आठवतं, लहानपणी काचेची बरणी तुझ्या हातून फुटली तेव्हा तिनेच मला सांगितलं होतं, "माझ्या हातून फुटली." ती मुलगी त्या स्वयंपाकघरात कुठेतरी असेलच ना?

बाईंना म्हणावं, बंदिवानाच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते.

आजोबा


१७ ऑगस्ट

आजोबा,

मधे फक्त "लिहा" एवढ्या एका शब्दाचं कार्ड पाठवलं, त्याबद्दल माफी. शब्द पुरत नव्हते, आणि जे होते ते सगळे चौकीत खर्च झाले.

तक्रार नोंदवली. तिथल्या अधिकारी बाईंनी खुर्ची खिडकीपाशी ओढून दिली आणि म्हणाल्या, थांबत थांबत सांग, आज पूर्ण झालं नाही तर उद्या ये. भाऊजींना घर सोडावं लागलंय, ते त्यांच्या भावाकडे आहेत. त्यांचं म्हणणं, खोलीची कडी कधी काढलीच नव्हती. मला आतून लावता येत होती, मग कसली जबरदस्ती? पोलीस बघायला गेले तेव्हा दारावर कडी होती. नवी, चकचकीत. जुनी कधी निघाली आणि कुठे गेली हे सांगू शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते बोलत नाही. अधिकारी बाई म्हणतात, ताईशिवायही खटला उभा राहील, पण ती बोलली तर त्याचे पाय घट्ट होतील.

ताईने तुम्हालाही उत्तर दिलं नसेलच. मी वाट बघणं सोडलंय. खरंच सोडलंय, रुसून नाही.

आई येऊन गेली. तिने माझी उशी उन्हात टाकली, उलटली, पुन्हा टाकली. जाताना म्हणाली, "मी 'मग बघू' म्हणायला नको होतं." मी तिला स्टेशनपर्यंत सोडलं.

दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी एका आजोबांच्या काचा घासल्या. चष्मा लावून त्यांनी समोरची पाटी मोठ्याने वाचली, मग तिच्या खालची, मग रस्त्यापलीकडची. थांबेचनात. मला तुमची आठवण आली.

आणि आता मुख्य गोष्ट. काल मी दार नुसतं लोटून झोपले. कडी न लावता. मुद्दाम नाही, विसरले. सकाळी उठले तर दार वाऱ्याने थोडं उघडलेलं, आणि पलीकडे बाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलत बसलेल्या. मी बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

ओळ पाठवते:

कडी हाति माझ्या, कडी मीच काढी

हिला दुसरी ओळ लावू नका. ही एवढीच आहे.

तुमची खारू


२ सप्टेंबर

चि. खारू,

लावणार नाही. लाल पेन्सिल टेबलाच्या खणात घालून खण लोटला. तुझी ओळ एका कोऱ्या कागदावर लिहिली, मधोमध, आणि भिंतीला लावली. खाली भरपूर जागा आहे, ती तशीच राहील. नर्स औषधं द्यायला आली होती, तिने वाचली. म्हणाली, "पुढे?" म्हटलं, पुढे काही नाही, पुढे ती दुकानात जाते.

रस्ता पुन्हा बोलू लागलाय म्हणतात. मला कंप तेवढा कळतो, टेबलावर कोपर टेकलं की. आज सकाळपासून कितीदा तरी कोपर टेकून बसलो. एखादी अवजड गाडी गेली की चहाच्या कपात वर्तुळं उठतात, आणि मला आमच्या वर्गातली शाईची दौत आठवते. बाकावर बोटं वाजली की तिच्यातही अशीच उठायची. मास्तर पाठमोरेच म्हणायचे, "एक जण चुकतोय." दर वेळी तो मीच असायचो. लघु माझा नेहमी उशिरा पडायचा. हे तुम्हा दोघींना मी कधी सांगितलं नाही; तुम्हाला वाटायचं आजोबांचा ताल पक्का.

थोरलीचं उत्तर नाही आलं. तू वाट बघणं सोडलंस ते बरं केलंस. मीही सोडलंय असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. खोटं फक्त जुळारीणबाईंसाठी. त्यांना सांग, डॉक्टरांनी बाहेर पडू दिलं की मी येतो, तो कवितासंग्रह घेऊन. समोरासमोर बसून हस्तलिखित लावून बघू. आणि

थांब. टेबल हललं. गाडी नव्हे.

ठाक ठाक.

घंटा आहे दाराला, खालच्या पोस्टमनपासून नर्सपर्यंत सगळे तीच दाबतात, तिचा दिवा माझ्यासमोर लागतो. दिवा लागलेला नाही. पुन्हा, ठाक ठाक. दोन गुरू, जड हाताचे. आधीचा लघु नाही. त्याची जागा मात्र सोडलेली आहे, तेवढा वेळ थांबून मगच दोन्ही पडतायत.

उघडून आलो. पेन हातातच राहिलं होतं, तसंच पुढे लिहितो, कारण ती माझ्या कानाशी म्हणाली, आधी तिला लिहा.

थोरली आहे. एकटी. पाठीवर पिशवी, पायात धुळीने माखलेले बूट. आत ये म्हटलं तर मान हलवते. तिने मूठ उघडून दाखवली: तुझ्या दाराची जुनी कडी, चारी स्क्रू एका दोऱ्यात ओवलेले. "रंगाच्या डब्यांमागे होती," म्हणाली. "मी तेव्हाच बघितली होती, आजोबा." ती चौकीत जाणारच आहे, ते ठरलंय. पण त्याआधी तुझ्याकडे आली तर तुला चालेल का, हे तुला विचारायला सांगते. नको म्हणालीस तर नको.

तुझं उत्तर येईपर्यंत माझ्याकडे राहा म्हटलंय. दार मी उघडंच ठेवलंय. ती अजून उंबऱ्याबाहेर उभी आहे.